समोरून ड्रेस, मागून चिकटपट्टी

मंगळवार, ७

आज मी ताईच्या पाठीवर कात्री चालवली. पाठीवर म्हणजे ड्रेसच्या पाठीवर, पण ड्रेस ताईच्या अंगात होता आणि मागे काय चाललंय ते तिला माहीत नव्हतं. ती म्हणाली, "काय करतोयस रे मागे?" मी म्हटलं, "चेन अडकलीय, सोडवतोय." मग कमरेपासून खाली सरळ फाडत गेलो, बाह्या पण खालून उसवल्या, आणि दोन्ही बाजू रुंद चिकटपट्टीने तिच्या आतल्या कपड्याला चिकटवल्या. ड्रेस एकदम सैल झाला. ताईने आरशात बघितलं आणि म्हणाली, "अगं बाई, बसला की."

एवढं खूश मी तिला कधी बघितलं नव्हतं. तेच डोक्यात घोळतंय. लिहून टाकलं की डोक्यातून जाईल असं वाटलं होतं, अजून तिथेच आहे.

आता पहिल्यापासून सांगतो. मी कपड्यांच्या कंपनीच्या स्टुडिओत चिमटे लावतो. हे खरंच काम आहे, आईला अजून पटत नाही. जाहिरातीत बाईच्या अंगावर ड्रेस कसा झक्कास बसलेला दिसतो ना, तो बसलेला नसतो, मी बसवलेला असतो. मागून मूठभर कापड धरायचं, चिमटा लावायचा. अजून मूठभर, अजून एक चिमटा. आमची नेहमीची मॉडेल इतकी बारीक आहे की तिला सगळे सुरळी म्हणतात, ती स्वतःही फोन उचलून "सुरळी बोलतेय" म्हणते. समोरून ती राजकन्या दिसते आणि मागून साळिंदर. मला सगळे चिमट्या म्हणतात ते यामुळे.

तर आमचे साहेब कुठल्यातरी मोठ्या सभेला जाऊन आले आणि म्हणाले, "असं बघा, आता जाहिरातीत सगळ्या आकाराच्या बायका पाहिजेत. सगळीकडे तेच चाललंय." वर लिहायचं वाक्यही ते घेऊनच आले: 'आहात तशाच या.' मग तशी बाई शोधायची पळापळ सुरू झाली. आलेल्या बायका साहेबांच्या मते एकतर फारच होत्या नाहीतर पुरेशा नव्हत्या. एका मुलीला तर आम्ही पोटाला फोम बांधला. ती खाली बसली की फोम वर सरकून गळ्याशी यायचा.

तेवढ्यात ताई मला घराची किल्ली द्यायला आली. ताई ड्रायव्हिंग स्कूलमध्ये गाडी शिकवते, त्यामुळे तिचा आवाज चारचाकीच्या बाहेर ऐकू जाईल असाच आहे. दारातून म्हणाली, "बारक्या, डोकं तरी आणलंयस का, की ते पण घरी?"

साहेब म्हणाले, "हीच."

ताई म्हणाली विचार करून सांगते. मग तिला ड्रेस दाखवला आणि विचार तिथेच संपला. बाटलीहिरवा, लांब, आणि दोन्ही बाजूंना खरे खिसे, अख्खा हात आत जाईल असे. अडचण एवढीच की फोटोसाठी ड्रेस एकच शिवतात आणि तो सगळ्यात लहान मापाचा असतो. ताई मागची चेन उघडी ठेवून त्यात शिरली, पण ती चेन कमरेशी संपते आणि ताई तिथे संपत नाही.

साहेबांनी मला कोपऱ्यात घेतलं. "मागून फाड. फोटो पुढून आहे." आणि ताईकडे वळून म्हणाले, "तुमच्यासाठीच शिवलाय जणू."

बुधवार, ८

जेवताना ताईने बॉम्ब टाकला. "मी साहेबांना सांगितलंय, जाहिरात झाली की तो ड्रेस मला पाहिजे. ते म्हणाले, अवश्य."

मी मीठ मागितलं.

ड्रायव्हिंग स्कूलची नवी शाखा निघतेय आणि ती ताईच्या हाताखाली देणार आहेत. उद्घाटनाला तिला तो ड्रेस घालायचाय. "सगळ्यांसमोर उभं राहायचंय रे," ती म्हणाली. "पहिल्यांदा मापाचा सापडलाय. नाहीतर दुकानात गेलं की विकणारी माझ्या खांद्यावरून मागे बघते, मागे कोणी बारीक उभी आहे का. कोणी नसलं की मोजे दाखवते. माझ्याकडे किती मोजे आहेत माहितीये?"

आई म्हणाली, "आपल्या घरातलं कोणी आजवर जाहिरातीत नव्हतं."

मी म्हटलं, "मी आहे की."

"तू मागे असतोस," आई म्हणाली.

तिला माहीत नाही ती किती बरोबर बोलली.

शुक्रवार, १०

आज फोटो निवडायची मीटिंग होती. मी चिमटे मोजायच्या निमित्ताने थांबलो.

अर्धा वेळ ताईला काय म्हणायचं यातच गेला. जाड म्हणायचं नाही हे सगळ्यांना पाठ होतं. जाहिरातीचं बघणाऱ्या मॅडम म्हणाल्या 'भरीव'. कोणीतरी म्हणालं, विटांसारखं वाटतं. मग 'समृद्ध' आलं, 'मोकळी' आलं. शेवटी 'खरी स्त्री' ठरलं. सुरळी काकडी खात बसली होती. ती म्हणाली, "मग मी काय कागदाची?" तिने पुढची काकडी घेतली.

मग फोटो. फोटो घुम्याने काढलेत. घुम्या म्हणजे आमचा फोटोग्राफर, दिवसभरात चार शब्द बोलला तर आम्ही खिडकीबाहेर बघतो, काय बिघडलं म्हणून. ताईचे फोटो मात्र त्याने ढीगभर काढलेत. नेहमी दोन लागतात. कॅमेऱ्यात काहीतरी बिघाड असणार. शूटिंगच्या वेळी ताई त्याला म्हणाली होती, "अहो, इतक्या लांबून काय काढताय, मी चावत नाही." तो जवळ आला आणि लालेलाल झाला. दिव्यांचा ताप फार असतो.

मॅडम म्हणाल्या, फोटो छान आहेत, फक्त हनुवटीखालचं जरा काढा. मग कोपराच्या वळ्या काढा. मग कंबर थोडी आत. ते झाल्यावर साहेब म्हणाले, "आता ही वेगळ्या आकाराची वाटत नाही." सगळे विचारात पडले. शेवटी मार्ग निघाला: ताईचं जेवढं काढलंय तेवढ्यावर थांबायचं आणि शेजारी सुरळीला उभं करून सुरळीला अजून बारीक करायचं.

सुरळी म्हणाली, "कुठून?"

सोमवार, १३

एक गोष्ट डोक्यात आली. ड्रेस मोठ्या मापात बाजारात येणारच असेल तर मी त्यातला एक उचलीन, ताईला देईन, फाडलेला जाळून टाकीन. सोपं. मॅडमना विचारलं, "मॅडम, हा ड्रेस मोठ्या मापात कधी येतोय?"

"कुठला?"

"जाहिरातीतला."

मॅडमनी माझ्याकडे प्रेमाने बघितलं. "अरे, मोठ्या मापात जाहिरात आहे. ड्रेस नाही."

"मग त्या बायका येऊन घेणार काय?"

"त्यांना आपलंसं वाटेल. ते महत्त्वाचं." थोडा विचार करून म्हणाल्या, "मोजे घेतील."

म्हणजे ताईला होणारा तो ड्रेस या जगात एकच आहे आणि तो फक्त समोरून आहे.

घरी आलो तर ताई सांगत होती, नवीन शिकाऊ आलाय, आमचा घुम्या. घुम्या शूटिंगला हजर होता, त्याने पाठ बघितलीय. शिवाय तो स्टुडिओची व्हॅन रोज स्वतः चालवत आणतो, त्याला शिकायचंय काय? बहुतेक लायसन्स हरवलं असेल. ताई म्हणाली, "तुमचा घुम्या फार बोलतो बाई." मी म्हटलं, "ताई, मग तो दुसरा कोणीतरी असेल." तेव्हा जरा जिवात जीव आला.

बुधवार, १५

आज फोन केला. इथे लिहितोय, कारण दुसरीकडे कुठे सांगता येणार नाही.

साहेबांचा आवाज मला काढता येतो. नाकातून सुरू करायचा, पोटात नेऊन संपवायचा आणि वाक्याआधी 'असं बघा' लावायचं. मागे एकदा त्या आवाजात मी अख्ख्या स्टुडिओला दुपारनंतर सुट्टी दिली होती. दुसऱ्या दिवशी साहेब म्हणाले, "काल मी जरा जास्तच मवाळ झालो." तेव्हाच मला कळलं की या माणसाला स्वतःबद्दल काहीही पटतं.

साहेब जेवायला गेल्यावर त्यांच्याच टेबलावरून कारखान्यात लावला. तिथे एक काका आहेत, शिलाईचं सगळं तेच बघतात.

"असं बघा, तो बाटलीहिरवा ड्रेस मोठ्या मापांत काढा."

"किती मोठ्या, साहेब?"

ताईएवढ्या, असं तोंडातून निसटणार होतं. सावरलो. म्हटलं, "माणसं असतात तेवढ्या."

मला वाटलं पकडलं. मग काका म्हणाले, "साहेब, हे ऐकायला मी किती वर्षं थांबलोय. आमच्या हिला आपल्या कंपनीचा एक कपडा होत नाही. घरी मला काय काय ऐकावं लागतं ते तुम्हाला सांगून उपयोग नाही."

"सांगू नका," मी म्हटलं. साहेब असंच म्हणाले असते.

"फक्त एक आहे. कापड बेतायचा कागद नुसता ओढून मोठा करता येत नाही. बाही, बगल, सगळंच बदलतं. अंगावर घालून बघायला बाई लागेल."

"पाठवतो," मी म्हटलं आणि फोन ठेवला. माझा शर्ट पाठीला चिकटला होता. मग लक्षात आलं, मी पाठवणार म्हणजे कोणाला पाठवणार.

शुक्रवार, १७

ताईला सांगितलं की कंपनी दुकानात ठेवायला तिचा पुतळा करणार आहे, तर कारखान्यात जाऊन माप दे.

"डोक्यासकट?"

"दुकानातल्या पुतळ्यांना डोकं नसतं."

"मग तूच जा," ताई म्हणाली. पण गेली. शिकवणीची वेळ होती, म्हणून गाडी घुम्याने चालवली.

संध्याकाळी आली ती गुणगुणत. म्हणाली, "पुतळ्याची बगल घट्ट होती, सैल करायला लावली. आणि खिसे जरा खाली घ्या म्हटलं, किल्ल्या बसायला."

"पुतळ्याला किल्ल्या कशाला?"

"राहू दे रे, तेवढीच शोभा." मग माझ्याकडे बघत म्हणाली, "काका म्हणत होते, तुमच्या साहेबांचा आवाज फोनवर फार कोवळा येतो."

"फोनवर सगळ्यांचाच येतो," मी म्हटलं.

"असेल," ती म्हणाली. पटलं तिला. वर मी न मागता माझ्या ताटात वाढलं. ती असं कधी करत नाही.

बुधवार, २२

आज चौकातला मोठा फलक लागला. आम्ही सगळे बघायला गेलो. ताई इमारतीच्या तीन मजल्यांएवढी झालीय, शेजारी सुरळी पाइपासारखी, आणि वर 'आहात तशाच या'.

आईने बराच वेळ बघितलं. "ही आपली नाही."

"आई, तीच आहे."

"मग हिचं कोपर कुठंय? माझ्या मुलीला कोपरं आहेत. लहानपणी दोन्ही फोडून घ्यायची, मीच हळद लावलीय."

ताई म्हणाली, "गळ्यावरचा तीळ पण पुसलाय. मला तो आवडायचा."

"मला पण," असं मागून कोणीतरी म्हणालं. बघतो तर घुम्या. तो तिथे काय करत होता कळलं नाही. फलकावर उजेड नीट पडतोय का ते तपासायला आला असावा. कामाला वाहिलेला माणूस आहे.

शनिवार, २५

दुकानातल्या पुतळ्यांना चिमटे लावायला मला पाठवलं होतं. पुतळ्यांना सुद्धा ड्रेस बसत नाहीत, हे बाहेर कोणाला माहीत नसतं.

दार उघडल्यापासून बायकांची रीघ. सगळ्या फलक बघून आलेल्या. आहेत तशाच आल्या आणि आल्या तशाच परत चालल्या. एक बाई, ताईपेक्षा थोडी जास्तच, फोनमध्ये फलकाचा फोटो दाखवून म्हणाली, "हा द्या."

विकणारी म्हणाली, "तुमच्या मापात हा येत नाही. मोजे दाखवू?"

"मग हा कोणाच्या मापात आहे?"

"या बारीक मॅडमच्या."

"आणि ही दुसरी? हिने घातलाय तो?"

विकणारीने मोज्यांचा खण उघडला. त्या बाईने फोन वर धरला, सगळं त्यात रेकॉर्ड होत होतं. "मला एवढंच सांगा, या फोटोतल्या बाईला तरी हा ड्रेस होतो का?"

मी पुतळ्याच्या मागे होतो. पुतळ्याच्या मागेच राहिलो.

संध्याकाळपर्यंत ते सगळ्यांच्या फोनवर. आईने मला दाखवलं. म्हणाली, "यात कोपऱ्यात पुतळ्याचे पाय आहेत ना, त्यात दोन जास्त दिसतायत."

मंगळवार, २८

पेपरात आलं, आणि टीव्हीवाल्या एका बाईंनी साहेबांना सांगितलं की फलकावरच्या बाईंना दुकानात आणा, तोच ड्रेस घालून, आम्ही दाखवू. साहेब नाही म्हणाले असते तर संपलं असतं. पण टीव्ही म्हटलं की साहेबांचा हात आपोआप केसांकडे जातो. गुरुवारी ठरलं.

मग मला बोलावलं. चेहरा उतरलेला. "चिमट्या, तो ड्रेस मागून कसा आहे?"

"मागून नाहीये, साहेब."

साहेब येरझाऱ्या घालू लागले. "असं बघा. ती भिंतीला पाठ लावून उभी राहील. हलायचं नाही. आत्मविश्वासाने टेकून उभं राहायचं. तू भिंतीमागे."

"साहेब, भिंतीमागे रस्ता आहे."

"मग पडद्यामागे."

दुपारी त्यांच्या टेबलावरून परत फोन. काका म्हणाले, माल तयार आहे साहेब, फक्त चेन यायच्यात, शुक्रवारी निघेल. मी आवाज पोटात नेला आणि म्हटलं गुरुवारी सकाळी पाहिजे. काका म्हणाले, "चेनशिवाय पाठ उघडी राहील." मी म्हटलं, "तीच तर भानगड आहे." हे साहेबांच्या आवाजात म्हटलं की माझ्या, आता आठवत नाही.

बुधवार, २९

झोप नाही. उद्या टीव्हीसमोर, सगळ्या बायकांसमोर ताई भिंतीला चिकटून उभी राहणार. कोणीतरी तिला दोन पावलं पुढे या म्हणणार. मग सगळ्यांना तिची पाठ दिसेल, चिकटपट्टी, फाटलेलं सगळं. लोक तिला हसतील, कंपनीला नाही. तिला तिथेच कळेल की कात्री माझ्या हातात होती. आणि उद्घाटनाला ती परत शिकवणीचा जुना करडा शर्ट घालून जाईल. ती काही बोलणार नाही. बोलली तर बरं.

ठरवलं, सांगून टाकायचं. ती घुम्याला शिकवत होती, मी मागच्या सीटवर बसलो. घुम्या इतका हळू चालवत होता की एक म्हातारे गृहस्थ चालत पुढे गेले. मी म्हटलं, "ताई, त्या ड्रेसचं ना, मागून..."

"आरशात बघ," ताई म्हणाली. मला वाटलं मला, पण ती घुम्याला म्हणत होती. तो आरशात बघतच होता, पण रस्ता सोडून तिच्याकडे. अजून किती शिकायचंय त्याला.

"ताई, ऐक ना. त्या दिवशी चेन नव्हती अडकली."

"बरं."

"म्हणजे मी..."

"बारक्या," ती म्हणाली, "उद्या वेळेवर ये. आणि कात्री घरी ठेव."

कात्री का म्हणाली असेल? मोठ्या दुकानात धारदार वस्तू नेऊ देत नसतील, टीव्ही वगैरे असल्यावर. माझं सांगायचं तसंच राहिलं.

गुरुवार, ३०

घाईत लिहितोय, अक्षर समजून घे.

दुकान बायकांनी गच्च भरलेलं. कॅमेरा, दिवे. साहेबांनी भिंतीशी खडूने खूण केली होती. मी चिकटपट्टीचं नवंकोरं रीळ घेऊन मागच्या खोलीत. कारखान्याची गाडी आली नव्हती. सुरळी तयार होती, दुकानातला तोच ड्रेस, पाठीवर माझे चिमटे. ताईचा पत्ता नाही. घुम्याचाही नाही. मॅडम दर मिनिटाला म्हणत होत्या, "मी आधीच म्हटलं होतं." काय म्हटलं होतं ते कोणी विचारलं नाही.

मग मागच्या दारात ड्रायव्हिंग स्कूलची गाडी थांबली, वर शिकाऊचा फलक. घुम्याने ती एका झटक्यात मागे घेऊन दोन खांबांच्या मधे लावली. मला वाटलं नशीब, एकदम जमून गेलं त्याला. आतून ताई उतरली, हातात पिशवी. मागच्या सीटवर कारखान्याचे काका, डिकीत खोकी.

"रीळ ठेव खाली," ताई मला म्हणाली आणि आत गेली.

बाहेर आली ती थेट दुकानाच्या मध्यात. साहेब हळू आवाजात म्हणत होते, "भिंत. भिंत." ताईला ऐकू येत नव्हतं, किंवा येत होतं. टीव्हीवाल्या बाई म्हणाल्या, "छान दिसतोय. मागूनही बघू का?"

साहेबांनी डोळे मिटले. खरंच मिटले, मी बघितलं. मी पण मिटणार होतो, पण ताई वळायला लागली होती.

पाठ होती. मानेपासून खालपर्यंत अख्खी पाठ, कापड कुठे ताणलेलं नाही, कुठे लोंबत नाही, मधोमध चेन, वरपर्यंत लावलेली. मी इतकी वर्षं ड्रेस मागून बघतोय. मागून बरा दिसणारा ड्रेस मी पहिल्यांदा बघितला. ताईने खिशात हात घातले आणि चालून दाखवलं. ती शनिवारची बाई पुढेच होती. ती म्हणाली, "मग माझ्या मापाचा?"

काका म्हणाले, "आहे ना, बाई. रात्री चेन मिळवून लावल्यात, खोकी उघडतोय."

मग जे झालं ते म्हणजे झुंबड. आणि त्या गडबडीत सुरळी म्हणाली, "माझी पण बघा," आणि कॅमेऱ्यासमोर पाठ केली. सगळे चिमटे. टीव्हीवाल्या बाई म्हणाल्या, "हे काय आहे?" सुरळी म्हणाली, "मला पण होत नाही. कधीच झाला नाही. सकाळपासून मी नीट श्वास घेतला नाहीये." मग ताई तिला घेऊन आत गेली आणि डब्यातलं काहीतरी खायला दिलं. ती खाताना रडत होती. तिखट असेल.

साहेबांनी तोवर एक डोळा उघडला होता. टीव्हीवाल्या बाईंनी माइक पुढे केला. "एवढी मापं काढायचा निर्णय कोणाचा?"

साहेबांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी छताकडे. काका खोक्यातून मान वर करून म्हणाले, "साहेबांचा. त्यांनी स्वतः फोन केला. मी विचारलं किती मोठी, तर म्हणाले, माणसं असतात तेवढी."

माझं हृदय चिमट्यात सापडलं. साहेबांनी काकांकडे बघितलं. मग हात केसांकडे गेला.

"असं बघा," ते म्हणाले. "हो. मीच."

शुक्रवार, ३१

सकाळच्या पेपरात साहेबांचा फोटो आणि खाली मोठ्या अक्षरांत 'माणसं असतात तेवढी'. आज साहेबांनी तो फोन सगळ्यांना चार वेळा सांगितला. पहिल्यांदा ते टेबलाशी बसून बोलत होते. चौथ्यांदा ते खिडकीशी उभे होते, बाहेर संध्याकाळ होत होती आणि त्यांना त्यांच्या आईची आठवण आली होती. मॅडम म्हणाल्या, खिडकीशी त्याही होत्या. फोन दुपारी झाला होता आणि आमच्या खिडकीतून समोरची भिंत दिसते, पण मी कशाला बोलू.

मुख्य गोष्ट ही की साहेबांनी हुकूम काढलाय, यापुढे प्रत्येक कपडा सगळ्या मापांत. "मी सुरुवात केलीय, मीच पुढे नेणार," म्हणाले. ताई ड्रेस घरी घेऊन आली, इस्त्री करून कपाटात टांगलाय, आई येता-जाता कपाट उघडून मागची बाजू बघते. घुम्या परीक्षेत पास झाला, तरी अजून महिनाभर शिकवणी घेणार म्हणतोय. मंद आहे पण चिकाटी आहे.

आणि आज अजून एक फोन केला. साहेबांच्या टेबलावरून. सुरळीच्या मापाचाही काढा म्हटलं, चिमट्यांशिवायचा. काका म्हणाले, "म्हणजे तिलाही बोलवा मापाला." मी म्हटलं, "असं बघा, बोलवा." म्हणजे माझंच काम मी संपवतोय, चिमटे लावायचं. बघू पुढचं पुढे.

म्हणून, तू जो कोणी हे वाचतोयस, मी तुझ्या पाया पडतो, हे कुणाला सांगू नकोस. काकांना सांगू नकोस, त्यांना घरी आता सुखाने जेवण मिळतं. ताईला तर मुळीच सांगू नकोस, तिला यातलं काही म्हणजे काही माहीत नाही आणि तिला अशीच खूश राहू दे. आणि साहेबांना कधीच, कधीच सांगू नकोस. बिचारे आत्ता कुठे चांगले व्हायला लागलेत.